‘पोहोचणं’ आणि ‘निघणं’ एकाच शब्दातून: लॅटिन ‘प्लिकारे’चा माग कसा काढावा

स्पॅनिशमध्ये ‘येगार’ म्हणजे पोहोचणं, रोमेनियनमध्ये ‘प्लेका’ म्हणजे निघणं. दोन्हींचं मूळ एकच: लॅटिन ‘प्लिकारे’, घडी घालणं. खरं वाटत नसेल तर अर्थ बाजूला ठेवा आणि आधी ध्वनी तपासा.

लॅटिन कोशात हे क्रियापद ‘प्लिको’ (मी घडी घालतो) या रूपाखाली शोधावं लागतं. मग लॅटिनमधून निघालेल्या पाच भाषांचे रकाने आखा: इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, रोमेनियन. एका शब्दावरून नियम ठरत नाही, म्हणून ‘प्ल’ने सुरू होणारे आणखी दोन घ्या.

भरलेला: प्येनो, येनो, शेयु, प्लँ, प्लिन.
पाऊस: प्योज्जा, युव्या, शुवा, प्लुई, प्लोआये.
प्लिकारे: प्येगारे, येगार, शेगार, प्लिए, प्लेका.

प्रत्येक रकान्यात तिन्ही ओळींची सुरुवात तंतोतंत जुळते. स्पॅनिशमधला हा ‘य’ लिहिताना दोन ‘एल’ असतात. जुना उच्चार लेखनात टिकतो, त्यामुळे तुलना करताना लेखनही पाहा. मधला ‘क’ स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘ग’ झाला, फ्रेंचमध्ये गळाला, रोमेनियनमध्ये शाबूत राहिला. इटालियनचं मात्र काही खरं नाही: इथे ‘ग’, पण ‘आमीको’ (मित्र) मध्ये ‘क’.

आता अर्थ. इटालियन-फ्रेंचमध्ये अजूनही दुमडणं, वाकवणं. किनाऱ्याला लागताना शिडं गुंडाळतात म्हणून पोहोचणं, कूच करताना तंबू गुंडाळतात म्हणून निघणं, असा खुलासा केला जातो. तो सुरेख आहे, पण अनुमानच. पक्का दुवा रोमेनियनमध्येच सापडतो: डोकं झुकवणं यासाठी आजही ‘प्लेका’च वापरतात.

चुका दोन ठिकाणी होतात. स्पॅनिश ‘आप्लिकार’ (लागू करणं) मध्ये ‘प्ल’ आणि ‘क’ दोन्ही जसेच्या तसे आहेत. म्हणजे तो पिढ्यान्‌पिढ्या बोलीतून झिजत आला नाही, विद्वानांनी नंतर लॅटिनमधून उचलला. त्याला या ओळीत घेतलं की नियमच मोडल्यासारखा दिसतो.

दुसरा फसवा प्रकार सारख्या स्पेलिंगचा. स्पॅनिश ‘सालिर’ (बाहेर पडणं) लॅटिन ‘सालिरे’वरून, म्हणजे उडी मारणं, रोमेनियन ‘सरी’ अजून उडीच मारतो, इटालियन ‘सालिरे’ वर चढतो. फ्रेंच ‘सालिर’ (मळवणं) मात्र ‘साल’ म्हणजे मळकट या विशेषणावरून आला आणि ते विशेषण जर्मानिक फ्रँक लोकांच्या भाषेतलं. व्युत्पत्तिकोशात अशा मूळ रूपाआधी तारांकन दिसलं, तर ते रूप लिखित पुराव्यात सापडलेलं नसून ध्वनिनियमांवरून बांधलेलं आहे असं समजा.