रक्तगटाचा अहवाल कसा तपासून घ्यावा

इंदूरच्या मराठी घरांत रक्तगटाची चिठ्ठी बहुधा गणेशोत्सवातल्या एखाद्या रक्तदान शिबिरातून किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतून आलेली असते, आणि पुढे वर्षानुवर्षे तीच दाखवली जाते. एरवी त्याने काही अडत नाही. परंतु शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा रक्त चढवण्याचा प्रसंग समोर असेल, तर तो गट कोणत्या चाचणीवरून ठरवला आहे हे पाहूनच त्यावर विसंबावे.

त्यासाठी गटाची ए, बी, ओ ही अक्षरे कशाची आहेत ते आधी समजून घ्यावे लागते. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांना आणि स्निग्ध रेणूंना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या असतात. त्यांनाच ग्लायकन म्हणतात. एक विकर (एन्झाइम) साखळीच्या टोकाला फ्युकोज ही शर्करा जोडते आणि त्यातून ‘एच’ हा प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्ती ओळखते ती खूण, तयार होतो. त्यावर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन जोडले गेले की गट ‘ए’ होतो, गॅलॅक्टोज जोडले गेले की ‘बी’, दोन्ही विकरे असली तर ‘एबी’, आणि दोन्ही नसली तर नुसता ‘एच’ उरतो, म्हणजेच ‘ओ’. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा आरएच घटक मात्र प्रथिनच असतो आणि त्यावर शर्करेची साखळी नसते, म्हणून पुढील विवेचन केवळ अक्षरांपुरते आहे.

अहवाल हातात आल्यावर त्यात फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशा दोन्ही तपासण्यांची नोंद आहे का ते पाहावे. फॉरवर्ड तपासणीत रुग्णाच्या पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी (म्हणजे ए आणि बी प्रतिजनांना चिकटणारे) द्रव टाकून गुठळी होते का ते पाहतात. रिव्हर्समध्ये रुग्णाचा रक्तद्रव ज्ञात गटाच्या पेशींत मिसळतात. आतड्यातील जिवाणूंवरही अशाच शर्करा असल्यामुळे, जो प्रतिजन आपल्याकडे नाही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) जन्मानंतरच्या काही महिन्यांत आपोआप तयार होतात; म्हणून मोठ्या माणसात दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात, तर तान्ह्या बाळाच्या बाबतीत रिव्हर्स तपासणीचा उपयोग नसतो. शिबिरातली काचपट्टीवरची चाचणी बहुधा फॉरवर्डच असते. एवढ्यावर काढलेला ‘ओ’ मी तरी कच्चा समजतो.

त्याचे कारण मुंबईतच सापडले. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये असे रक्त नोंदवले की ज्याच्या पेशींवर ए, बी यांपैकी काही नव्हते आणि ‘एच’ही नव्हता. फ्युकोज जोडणाऱ्या विकराचे जनुक दोन्ही पालकांकडून निकामी मिळाले की हा ‘बॉम्बे’ गट दिसतो. भारतात त्याचे प्रमाण साधारण १०,००० जणांत एक असे सांगितले जाते. फॉरवर्ड चाचणीत तो हुबेहूब ‘ओ’ दिसतो, पण त्या व्यक्तीच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्ध तीव्र प्रतिपिंडे असतात, आणि ‘एच’ सर्वांत जास्त ‘ओ’ पेशींवरच असल्यामुळे सर्वांना चालणारे म्हणून ओळखले जाणारे ‘ओ’ रक्त तिच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे रिव्हर्स तपासणीत ‘ओ’ पेशीही वापरल्या का, हे रक्तपेढीत आवर्जून विचारावे. त्या पेशींची गुठळी झाली, किंवा क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहताना, ‘ओ’च्या पिशव्या एकामागून एक जुळेनाशा झाल्या, तर अँटी-एच लेक्टिनची (‘एच’ला चिकटणाऱ्या प्रथिनाची) चाचणी मागावी. खऱ्या ‘ओ’ पेशी तिच्यात गुठळतात, बॉम्बे गटाच्या पेशी गुठळत नाहीत. आईवडिलांपैकी एक ‘ओ’ आणि मूल ‘एबी’ असे निघाले, तर घरात नको त्या शंका घेण्याआधीही हीच चाचणी करून घ्यावी, कारण बॉम्बे गटाच्या व्यक्तीकडे ए किंवा बीचे जनुक शाबूत असू शकते.

दोन्ही बाजू न जुळण्यामागे कधी आजारही असतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किंवा जंतुसंसर्गात जिवाणूंचे विकर ‘ए’ शर्करेवरील ॲसिटिल हा अणुसमूह काढून टाकते, उरलेली शर्करा गॅलॅक्टोजसारखी दिसते, आणि ‘ए’ गटाचा रुग्ण तात्पुरता ‘एबी’ भासतो. रक्ताच्या काही कर्करोगांत ‘ए’ प्रतिजन क्षीण होतो. म्हणून जुना आणि नवा अहवाल वेगळा आला, तर जुना फाडून न टाकता दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवावेत. लहान मुलात बॉम्बे गटासोबत वारंवार जंतुसंसर्ग आणि खुंटलेला विकास दिसला, तर पेशीत फ्युकोजचा पुरवठाच बिघडल्याची, म्हणजे ग्लायकोसिलेशनच्या (शर्करा जोडण्याच्या प्रक्रियेच्या) एका दुर्मीळ जन्मजात विकाराची शक्यता तपासावी लागते. अशा काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज देऊन गुण आला आहे.

बॉम्बे गट पक्का ठरला, तर पहिली तपासणी सख्ख्या भावंडांची करावी, कारण आईवडील दोघेही केवळ वाहक (प्रत्येकाकडे एकच निकामी जनुक) असतील तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता २५ टक्के असते. गटाची लेखी नोंद पाकिटात ठेवावी आणि एम. वाय. रुग्णालयासारख्या मोठ्या रक्तपेढीत दुर्मीळ दाता म्हणून नाव नोंदवावे. मे २०२४ मध्ये इंदूरच्या एका रुग्ण महिलेसाठी शिर्डीहून दाता मोटारीने आला होता. इतकी यातायात ऐन वेळी प्रत्येकाला साधेलच असे नाही. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते का हे तारीख ठरवतानाच विचारावे, कारण रक्त टिकवणाऱ्या नेहमीच्या सीपीडीए-१ द्रावणाच्या पिशवीत ते ३५ दिवसच टिकते.