पिस्टल श्रिम्प आणि त्याचा वॉचमन: दोन फुटी रीफ टँक घरी कसा लावायचा

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याची, कोरलवाली (प्रवाळाची) टाकी. ती करायची म्हटलं की बहुतेक जण आधी दुकानात जाऊन टाकी घेतात, मग लाइट घेतात, मग "आता यात काय टाकू" विचारत फिरतात, आणि शेवटी दोन निमो, एक निळी डोरी (जी मोठी होऊन फूटभराची होते, हे दुकानदार सांगत नाही) आणि मिळेल तो कोरलचा तुकडा असं सगळं कोंबतात. मीही पहिल्या वेळी हेच केलं आणि सहा महिन्यांत टाकी रिकामी झाली. दुसऱ्या वेळी उलटं केलं, आधी प्राणी ठरवला आणि मग त्याला लागेल तशी टाकी लावली. ती अजून चालू आहे म्हणून हे लिहितोय.

आधी प्राणी ठरवा

माझी निवड पिस्टल श्रिम्प (कोळंबीसारखाच एक छोटा प्राणी) आणि गोबी मासा अशी जोडी. दोघं एकाच बिळात राहतात. श्रिम्पची नजर फार कमी, पण खोदकामात एक नंबर, दिवसभर बुलडोझरसारखी वाळू बाहेर ढकलत असते. गोबीला खोदता येत नाही पण नजर तेज, म्हणून तो बिळाच्या तोंडाशी वॉचमनसारखा बसतो. श्रिम्प बाहेर आली की तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते, काही धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो आणि ही लगेच आत. भाडं नाही, डिपॉझिट नाही, नुसता वॉचमनच्या कामावर फ्लॅट मिळालाय असा प्रकार.

आणि तो आवाज! तिची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते, ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्याचा फवारा ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो आणि मागे एक बुडबुडा तयार होतो. पूर्वी वाटायचं की नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटून आवाज होतो, पण २००० साली शास्त्रज्ञांनी हायस्पीड कॅमेऱ्याने दाखवलं की आवाज तो बुडबुडा फुटल्याचा असतो. पुढच्या वर्षी कळलं की फुटताना आतलं तापमान क्षणभर ५००० केल्विनच्या वर जातं. बोटाएवढ्या प्राण्याकडून!

दुकानात टायगर पिस्टल म्हणून मागा, शास्त्रीय नाव अल्फियस बेल्युलस. जोडीला पिवळा वॉचमन गोबी. तो धट्टाकट्टा असतो आणि नवशिक्याच्या चुका सहन करतो.

काय घ्यायचं नाही

हे जरा नीट वाचा, कारण यात नुसता मासा मरत नाही तर केस होऊ शकते. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी कोरल, ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन हे सगळे शेड्यूल १ मध्ये आहेत. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही त्यात. म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजीअलीच्या खडकांवरचे कोरल हलवायला खुद्द महापालिकेला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती, मग आपण कोण. समुद्रातून काढलेला "लाइव्ह रॉक" म्हणजे बहुतेक वेळा कोरलचाच सांगाडा, तोही नको. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात आणि छान दगड दिसला तरी हात लावू नका, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

मग उरतं काय? बरंच उरतं. झोअँथिड, मशरूम, लेदर असे मऊ कोरल, फेदर डस्टर किडे, क्लीनर श्रिम्प, गोगलगायी. पक्कं बिल मागा, बिल देत नसेल तर दुसरं दुकान बघा. खरं सांगायचं तर कायद्यामुळे जी कोरल हातातून जातात तीच सगळ्यात नखरेवाली असतात, सुरुवातीला तुम्हाला तशीही जमली नसती.

टाकी, दगड, वाळू

दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ १०६ लिटर होतात, दगड-वाळू वजा जाता ८५ धरा. सगळं मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन जातं, तेव्हा टीव्ही युनिटवर नको, लोखंडी स्टँड करून घ्या.

या जोडीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. आधी दगड थेट तळाच्या काचेवर टेकवायचे, एकमेकांना इपॉक्सीने किंवा जेलवाल्या सुपरग्लूने पक्के चिकटवायचे आणि मगच भोवतीने वाळू ओतायची. कारण श्रिम्प दगडाखालूनच खोदते, वाळूवर उभा केलेला डोंगर एके दिवशी तिच्याच अंगावर कोसळतो. वाळू अडीच-तीन इंच हवी, अॅरागोनाइटची (रीफ टँकसाठी मिळते ती कॅल्शियमवाली) बारीक, पण त्यात शिंपल्यांचे नि दगडांचे छोटे तुकडे मुद्दाम मिसळा. नुसत्या बारीक वाळूचं छप्पर टिकत नाही, ती हे तुकडे उचलून बिळाला अगदी स्लॅब टाकल्यासारखे लावते, बघत बसावं असं काम.

दगड कृत्रिम किंवा ड्राय रॉक, म्हणजे सुका, जीव नसलेला. वर जाळीचं झाकण, कारण गोबी उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सुकट सापडते.

पाणी

समुद्राचं पाणी आणायचा विचार डोक्यातून काढा, मुंबईच्या किनाऱ्यावरचं तर नकोच नको. सॉल्ट मिक्स घ्या आणि आरओ पाण्यात मिसळा, लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरण्याला तीन किलोच्या वर लागेल. आधी पाणी, मग त्यात मीठ, छोटा पंप लावून दिवसभर फिरू द्या. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार, किंवा घनतेच्या पट्टीवर १.०२६ च्या आसपास आला पाहिजे, आणि रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने नाही तर ३५ पीपीटीच्या सोल्यूशननेच कॅलिब्रेट करा.

घरच्या आरओबद्दल दोन गोष्टी. एक तर आपल्याकडच्या बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो जो चव यावी म्हणून थोडं नळाचं पाणी परत मिसळतो, तो पूर्ण बंद करा आणि पुढे उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडा, टीडीएस शून्य यायला हवा. दुसरं म्हणजे आजकाल ते तांब्याचे कार्ट्रिजवाले आरओ निघालेत, आपल्या आरोग्याला चांगले असतील नसतील, पण तांबं श्रिम्पसाठी विष आहे. ते पाणी टाकीत अजिबात नको. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मिळणारं तांब्याचं औषधही याच कारणाने मुख्य टाकीत कधी घालायचं नाही.

तसंच डासांचं! लिक्विड मशीन, स्प्रे, पेस्ट कंट्रोल या सगळ्यात जी पायरेथ्रॉइड नावाची औषधं असतात ती कीटकांना मारतात, आणि श्रिम्प कीटकांची नातलगच. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो हे लक्षात ठेवा. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी लावा.

सायकल, म्हणजे वाट बघणं

सायकल म्हणजे प्राण्यांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत आधी तयार होऊ देणं. टाकी भरली, पंप चालू झाला, आता एक सोललेली कच्ची कोळंबी जुन्या स्टॉकिंगमध्ये बांधून आत सोडा. हो, कोळणीकडची, खायची. ती कुजली की अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात जे अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. टेस्ट किटवर अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाखात दोन भाग) आसपास गेला की कोळंबी काढून टाका. घरात थोडा वास येतो, आमच्या आईने त्या आठवड्यात माझ्याशी बोलणं कमी केलं होतं. चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, आणि परत थोडा अमोनिया दिल्यावर चोवीस तासांत परत शून्य झाले, तर झालं. मध्ये सगळीकडे तपकिरी थर येईल, ते डायटम (शेवाळासारखे सूक्ष्म जीव), आपोआप जातात, रोज घासत बसू नका.

तापमान

२५-२६ अंश हवं आणि मे महिन्यात ठाण्यात खोलीतच ३३ असतात. पाण्यावर पंखा मारला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही. मग चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं मशीन. तो टाकीपेक्षा महाग पडू शकतो, हे आधीच बजेटमध्ये धरा, आणि तो गरम हवा बाहेर फेकतो म्हणून खिडकीजवळ ठेवा, कपाटात कोंडू नका.

पंख्यामुळे रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ तिथेच राहतं, म्हणून टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भरपाई, साध्या आरओ पाण्याने करायचा, खाऱ्या नाही. ही चूक फार जण करतात.

लाइट जायची वेळ येतेच, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.

बाकी सामान पटकन: ताशी दोन हजार लिटरपर्यंतचा एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), रीफ लाइट टायमरवर आठ तास. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) नसला तरी चालतो.

प्राणी सोडणं

घरी आणलं की पिशवीतलं पाणी बादलीत काढा आणि एअर ट्यूबला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब तासभर तरी त्यात येऊ द्या, श्रिम्पला खारटपणातला फरक अचानक सोसत नाही. पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही.

लाइट बंद करून आधी श्रिम्प, पीव्हीसी पाइपचा तुकडा दगडाच्या फटीशी धरून त्यातून अलगद खाली सोडायची. मग त्याच पाइपने गोबी, तिच्या शेजारीच. बऱ्याचदा काही दिवसांत जोडी जमते, आमच्याकडे नऊ दिवस लागले आणि तेवढे दिवस श्रिम्प दिसलीच नव्हती, मी मेली समजून बसलो होतो. दहाव्या रात्री दीड वाजता काचेवर कोणी खडा मारावा असा "टाक" आवाज झाला, बायको उठून बॅटरी घेऊन पाण्याची गळती शोधायला लागली. काच शाबूत होती.

कधीकधी अख्खी श्रिम्प मरून पडलेली दिसेल. घाबरू नका, ती कात असते, आत पोकळ. कात टाकल्यावर दोन दिवस ती लपून बसते. आणि मोठी नांगी तुटली तर गंमत म्हणजे पुढच्या कातींमध्ये धाकटी नांगी मोठी होऊन पिस्तूल बनते आणि तुटलेल्या जागी धाकटी उगवते. डावखुरी होऊन जाते अक्षरशः.

खायला गोबीला फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), श्रिम्पसाठी एखादी बुडणारी गोळी बिळाच्या तोंडाशी. गोबी स्वतःही कधी तुकडा आत नेताना दिसतो.

मऊ कोरल दोन महिन्यांनी, आणि दगडावर वरच्या बाजूला चिकटवा, खाली ठेवलेत तर श्रिम्प वाळूत गाडून टाकेल. झोअँथिड हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, कापताना डोळ्याला चष्मा हवा. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. झोअँथिड चिकटलेला दगड साफ करायला कधीही उकळू नका, त्या वाफेने घरातली सगळी माणसं हॉस्पिटलमध्ये जाऊ शकतात.

गणपतीला गावाला जाताना

टॉप-अपची बादली भरा आणि ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं मशीन) जाण्याआधी आठवडाभर चालवून बघा, निघायच्या दिवशी नवीन मशीन लावायचं नाही. शेजारच्या काकूंना शिकवायचं ते एवढंच, पंखा फिरतोय का आणि थर्मामीटरवर २७ च्या वर आकडा गेलाय का. खाऊ औषधाच्या गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे मोजून ठेवा, एक दिवसाआड एक कप्पा, आणि उरलेला खाऊ कपाटात घालून कुलूप लावून चावी सोबत न्या, कारण काकूंना मासा उपाशी दिसतोच.