जुन्या फाईलवर नवा मजकूर टाईप करताय? आधी कॉपी करा, या चुका टाळा

दारव्ह्याजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या सचिव ताई परवा लॅपटॉप घेऊन आमच्या टायपिंग सेंटरवर आल्या. मागच्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त उघडलं, तारीख बदलवली, हजर बायांची नावं बदलवली आणि सवयीनं कंट्रोल-एस दाबलं. ‘भाऊ, मागच्या वर्षीचं गेलं कुठं?’ त्याच्यावरच नवं बसलं होतं, आणि बँकेला दोन्ही वर्षांचं हवं होतं.

बरं झालं, फाईल उघडीच होती. सेव्ह केलं तरी फाईल बंद होईपर्यंत वर्ड मागचे बदल लक्षात ठेवतं. जुनी तारीख दिसेपर्यंत कंट्रोल-झेड दाबत मागे आलो आणि तिथं कंट्रोल-एस केलं. मग कंट्रोल-वाय दाबत पुढे गेलो, नवा मजकूर पूर्ण आल्यावर एफ१२ म्हणजे ‘सेव्ह ॲज’ दाबून वेगळं नाव दिलं. दोन्ही इतिवृत्तं हाती आली. मध्येच एक अक्षर जरी टाईप झालं असतं, तर पुढे जायचा रस्ता बंद झाला असता. फाईल बंद केली किंवा लाईन जाऊन कॉम्प्युटर बंद पडला, की हा उपायही गेला.

म्हणून जुनी फाईल उघडली की पहिलं अक्षर बदलवण्याआधीच एफ१२. लॅपटॉपवर बरेचदा सोबत एफएन दाबावं लागतं. नाव ‘इतिवृत्त २०२५-०६-१४’ असं द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं महिन्याभरानं आपल्यालाच कळत नाहीत.

वर्डऐवजी लिबरऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. ‘सेव्ह ॲज’ केलं की आपण नव्या फाईलवर जातो. ‘सेव्ह अ कॉपी’ केलं की कॉपी बाजूला ठेवली जाते आणि आपण मूळ फाईलवरच राहतो. कॉपीत लिहितोय असं समजून मूळ फाईल बिघडते ती इथंच.

फॉरमॅटचं सांगायचं तर, वर्ड फाईलच्या नावाच्या शेवटी असलेलं ‘डॉकएक्स’ खोडून ‘पीडीएफ’ लिहिल्यानं पीडीएफ होत नाही. पोत्यावरची चिठ्ठी बदलवली म्हणून आतल्या तुरीचं सोयाबीन होत नाही. अशी फाईल उघडत नसेल तर नाव पहिल्यासारखं करा, ती जशीच्या तशी मिळेल. मग ‘सेव्ह ॲज’मधल्या फाईलच्या प्रकारांतून पीडीएफ निवडा. फाईल जिथं उघडायची तिथं वर्ड २००३ असेल तर त्याच यादीतलं ‘वर्ड ९७-२००३’ घ्या, कारण डॉकएक्स हे वर्ड २००७ पासूनचं.

कृतिदेव फॉन्टमधला पीक नुकसानीचा अर्ज दुसऱ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांसारखा दिसला तर घाबरू नका. तिथं तो फॉन्ट नाही, एवढंच. मजकूर शाबूत आहे, तिथं दुरुस्त करत बसू नका. प्रिंटसाठी पीडीएफच न्या, फॉन्ट तिच्यातच जातो. पण डॉकएक्स डिलीट करू नका, पुढच्या हंगामात अर्जातला गट नंबर बदलवायला तीच लागेल.