सोलरच्या आणि एसीच्या पाइपांना इन्सुलेशन कसे करावे

सोलर घेताना टाकी किती लिटरची, नळ्या किती, स्टँडला गंज धरेल का, याची चौकशी सगळे करतात. टाकीतून न्हाणीघरात येणाऱ्या पाइपाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मग थंडीत ‘सोलरला पाणी तापतच नाही’ ही तक्रार सुरू होते.

इन्सुलेशनने, म्हणजे पाइपाभोवती चढवलेल्या फोमच्या आवरणाने, काय होते आणि काय होत नाही, हे आधी समजून घ्या. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावते. टाकीपासून नळापर्यंत 20 मीटर अंतर असेल, तर पाइपात 5 लिटर पाणी उभे असते. ते रात्रभर पडून राहिले की फोम असो वा नसो, सकाळी गारच येणार. फरक पडतो तो दोन आंघोळींच्या मधल्या वेळात. उघड्या पाइपातले कढत पाणी अर्ध्या-पाऊण तासात कोमट होते. 13 मिमी जाडीच्या फोममध्ये त्याला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. घरात चार माणसे थोड्या थोड्या वेळाने आंघोळीला जात असतील, तर दर वेळी गार पाणी सोडून द्यावे लागत नाही.

माल कोणता घ्यावा

घरासाठी काळा नायट्रिल रबरचा नळीसारखा फोम सर्वात सोयीचा. तो साधारण 105 अंशांपर्यंत टिकतो. पॉलिएथिलीनचा फोम स्वस्त, पण त्याची मर्यादा कमी. उन्हाळ्यात घर आठ दिवस बंद राहिले तर टाकीतले पाणी 80 अंशांच्या वर जाऊ शकते, म्हणून सोलरच्या गरम लाइनला तो मी लावणार नाही. सपाट पॅनेलच्या सोलरमध्ये पॅनेल ते टाकी हा तुकडा सर्वात तापतो. तिथे ईपीडीएम हे जास्त उष्णता सोसणारे रबर किंवा वरून पत्रा मारलेली काचलोकर घ्या.

माप घेताना बहुतेकांची फसगत होते. दुकानात ‘पाऊण इंची द्या’ म्हणून चालत नाही, कारण पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 22 मिमी असतो, तर पाऊण इंची जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा, जवळपास 27. पाइपाभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि 3.14 ने भागा. दोरा 70 मिमी भरला तर व्यास 22. फोमची आतली गोलाई याच मापाची हवी. सैल फोमच्या आत हवा फिरत राहते आणि उष्णता घेऊन जाते.

बसवणे

आधी लाइनला पूर्ण दाब देऊन गळती तपासा. पाइप कोरडा आणि स्वच्छ पुसून घ्या. नवीन पाइप असेल तर जोडण्यापूर्वीच फोम ओवून घ्यावा. जुन्या लाइनवर फोम लांबीत चिरून बसवावा लागतो. सुरीला धार हवीच. बोथट पात्याने कड फाटते आणि फाटलेली कड नीट चिकटत नाही.

चिरलेल्या दोन्ही कडांना रबरचा गोंद पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. घाईने ओल्या कडा जोडल्या तर दुपारच्या उन्हात चीर उघडते. गोंद सीपीव्हीसीच्या अंगाला लागू देऊ नका; त्यातल्या द्रावकाने पाइप खराब होऊ शकतो.

तुकडा थोडा लांबच कापा आणि दाबून बसवा. ताणून बसवलेला फोम पुढे आखडतो आणि सांध्यात पाइप उघडा पडतो. एल्बोला (पाइप वळतो त्या सांध्याला) 45 अंशांत दोन काप घेऊन कोपरा करा, टीला (तीन तोंडांच्या सांध्याला) खाच पाडा. प्लंबर नेमके हेच टाळतात: सरळ पाइप झाकतात, एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवतात. जाडी वाढवायच्या आधी ही उघडी ठिकाणे झाका.

क्लॅम्प फोमच्या वरून, फोम चपटा होणार नाही इतपतच आवळा. सीपीव्हीसी तापल्यावर लांबते, 10 मीटरला 40 अंशांच्या फरकाने अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त. त्याला हलायला जागा ठेवा. सोलरच्या एअर व्हेंटचे, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचे, तोंड कधीही बंद करायचे नाही.

गच्चीवर उघडा ठेवलेला काळा फोम उन्हाने तडकतो. शिवाय कावळे टोचतात, खारी घरट्यासाठी कुरतडतात. वरून अ‍ॅल्युमिनियम टेप लावा किंवा मोठ्या व्यासाचा पीव्हीसी पाइप चढवा. लांबीतली चीर खालच्या बाजूला ठेवा. उभ्या पाइपावर टेप खालून वर गुंडाळत जा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पावसाचे पाणी आत शिरत नाही.

एसीचा पाइप

इथे प्रश्न घामाचा असतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असली, की 26 अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरते. एसीच्या दोन तांब्याच्या पाइपांपैकी जाड पाइप यापेक्षा कितीतरी गार असतो. मोकळ्या हवेत त्याला 13 मिमी जाडी बहुधा पुरते. फॉल्स सीलिंगच्या वर हवा कोंडलेली असते, तिथे 19 मिमीच घ्या. नाहीतर फोमच घामेजतो आणि छतावर पिवळे डाग उमटतात. घरगुती स्प्लिट एसीत बारीक पाइपही गार असतो, म्हणून दोघांना वेगवेगळे फोम हवेत. एकाच फोममध्ये दोन्ही कोंबू देऊ नका.

गरम पाइपाच्या फोमला एखादी फट राहिली तर थोडी उष्णता जाते, एवढेच. गार पाइपाच्या फटीतून दमट हवा आत शिरते, फोमखाली पाणी साचते आणि दुसऱ्याच टोकाला, भलत्या ठिकाणी टपकते. त्यामुळे इथे नुसती टेप पुरत नाही, प्रत्येक सांधा गोंदाने बंद करा. एसीतले पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप छतातून जात असेल तर त्यालाही 9 मिमीचा फोम चढवून घ्या. त्यातले पाणीही गारच असते.

लाइन भिंतीत जाणार असेल तर गवंड्याने झिरी मारण्याआधी फोमची जाडी सांगून ठेवा. 22 मिमी पाइपावर 9 मिमीचा फोम म्हणजे 40 मिमी रुंद झिरी, आणि त्यावर प्लास्टरला जागा.