ऑनलाइन घेतलेली वस्तू खराब निघाली? परत करताना या चुका टाळा

खराब वस्तू घरात आली की पहिला राग सेलरवर निघतो. राग रास्तच असतो. पण रिफंड अडकतो तो बऱ्याचदा आपल्याकडच्या ढिलाईमुळे. खोका भंगारात गेलेला असतो, ॲपवर घाईघाईत भलतंच कारण निवडलेलं असतं, सगळं बोलणं फोनवर झालेलं असतं आणि लेखी म्हणाल तर एक ओळही हातात नसते. ऑनलाइन खरेदीचा कायदा आता ग्राहकाच्या बाजूने चांगला भक्कम आहे. त्याला लागणारा कागद मात्र आपल्यालाच जमवावा लागतो.

वस्तू खरंच बिघडलेली आहे का, हे न बघताच रिटर्न टाकणं

ही तपासणी सेलरच्या भल्यासाठी करायची नाही. टेक्निशियन आला, त्याने एक बटण दाबलं, वस्तू चालू झाली आणि त्याच्या शेऱ्यात ‘दोष आढळला नाही’ असं लागलं, की पुढे खरोखरच बिघाड झाला तरी आपलं म्हणणं कोणी गांभीर्याने घेत नाही.

मिक्सर मध्येच बंद पडला तर तो उलटा करून बघा. बहुतेक मिक्सरच्या तळाशी लाल बटण असतं. डोशाचं पीठ किंवा ओलं खोबरं जास्त झालं आणि मोटरवर भार आला की ते सुटतं. मोटर थोडी गार होऊ द्या आणि ते आत दाबा. नवा मिक्सर पहिल्या एकदोन वेळा हलका वास सोडतो, तो मोटरवरच्या वार्निशचा असतो. धूर आला तर गोष्ट वेगळी. इंडक्शन शेगडी साधं ॲल्युमिनियमचं पातेलं ओळखत नाही, तिला चुंबक चिकटेल अशा सपाट तळाचं भांडं लागतं. फ्रंट लोड वॉशिंग मशीन पहिल्याच फेरीत बाथरूमभर नाचायला लागलं, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत का ते बघा. ब्लूटूथ इअरफोनचा एकच कान वाजत असेल तर फोनमधली जुनी जोडणी पुसून नव्याने जोडून बघा.

एवढं करूनही वस्तू चालत नसेल तर ती चालत नसल्याचा व्हिडिओ त्याच वेळी काढा. प्लग लावलेला दिसू दे. त्याच सॉकेटवर दुसरी एखादी वस्तू चालते हेही दिसू दे, म्हणजे ‘तुमच्याकडे करंटच नसेल’ हे उत्तर आधीच बाद होतं.

खोका भंगारवाल्याला आणि ओटीपी वॉचमनला

मुंबईच्या घरात जागेची बोंब असतेच. नवी वस्तू आली की खोका त्याच संध्याकाळी जिन्याखाली जातो आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे. रिटर्नची मुदत संपेपर्यंत तो माळ्यावर टाका, पलंगाखाली सरकवा, पण ठेवा. आतला थर्माकोल, मॅन्युअल, वॉरंटी कार्ड, चार्जर, सगळंच. पिकअपवाल्याच्या ॲपमध्ये यादी असते आणि त्यातली एक वस्तू कमी निघाली तरी तो हात वर करून निघून जातो. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, निर्णय त्याच्या हातात नसतो.

दुसरा घोळ गेटवर होतो. आपण ऑफिसात, डिलिव्हरीवाला सोसायटीच्या फाटकाशी. फोनवर ओटीपी सांगून आपण मोकळे होतो. त्या ओटीपीने ‘माल मिळाला’ अशी नोंद लागते. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर खोक्याचा कोपरा दबलेला, पावसाळ्यात तर अख्खा तळ भिजून मऊ झालेला. अशा वेळी पार्सल घरी नेण्याआधी वॉचमनच्या टेबलावरच त्याचे फोटो काढा, लेबलसकट. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असेल तर वस्तू डोळ्यांनी बघेपर्यंत ओटीपी देऊच नका. डिलिव्हरीवाला घाई करेल, त्याला करू द्या.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढावा, न कापता सलग, लेबल वाचता येईल असा. मात्र ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही तर रिटर्न नाही’ अशी चिठ्ठी काही सेलर खोक्यात टाकतात, तिला बिचकू नका. ग्राहक संरक्षण कायद्यात अशी अट कुठेही नाही. व्हिडिओ हा आपला पुरावा आहे, तो नसेल तर फोटो आणि टेक्निशियनचा शेराही चालतो.

मोबाइल असेल तर *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी पहिल्याच दिवशी ताडून बघा. पिकअपच्या वेळी हे नंबर जुळले नाहीत तर संशय थेट तुमच्यावर येतो.

भलतंच कारण निवडणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती करायला दहा सेकंदही लागत नाहीत.

रिटर्न टाकताना ॲप कारणांची यादी दाखवतं: आता नको आहे, चुकून ऑर्डर झाली, दुसरीकडे स्वस्त मिळालं, वस्तू सदोष आहे, वेगळीच वस्तू आली, भाग कमी आहे. वैतागलेला माणूस पहिल्या ओळीवर बोट ठेवतो आणि पुढे जातो. ‘नको आहे’ म्हणून परत केलेला माल घ्यायचा की नाही, हे सेलरच्या धोरणावर ठरतं. सदोष मालाचं तसं नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला सेलर नकार देऊ शकत नाही. एवढा मोठा आधार आपण चुकीच्या ओळीवर बोट ठेवून घालवतो. रिटर्न नामंजूर झाल्यावर ‘अहो, तो बिघडलेलाच होता’ असं सांगायला गेलं की आपणच निवडलेलं कारण आपल्यासमोर ठेवलं जातं.

खालच्या रकान्यातही ‘एकदम बेकार माल, पैसे परत द्या’ असं लिहून काही साधत नाही. असं लिहा:

‘वस्तू १२ तारखेला मिळाली. त्याच संध्याकाळी पहिल्यांदा चालू केली. भांडं बसवून बटण फिरवल्यावर मोटर फिरत नाही. तळाचं लाल बटण दाबून पाहिलं, फरक नाही. व्हिडिओ आणि सीरियल नंबरचा फोटो जोडला आहे. वस्तू सदोष असल्याने पूर्ण रिफंड हवा.’

रिफंड हवा की बदली वस्तू, तेही स्पष्ट लिहा. काही वस्तूंना ॲपवर फक्त रिप्लेसमेंटचाच पर्याय दिसतो. तो घ्यायला हरकत नाही, पण दुसरी वस्तूही तशीच निघाली तर पहिलीची तक्रार मिटली असं समजू नका. दोन्हींचे नंबर देऊन रिफंड मागा.

‘सर्व्हिस सेंटरला दाखवा’ ऐकून मुदत घालवणं

चॅटवरचं ठरलेलं उत्तर असतं: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. आपण तो सरळमार्गी सल्ला समजून अंधेरीचं सेंटर शोधतो, शनिवारची वाट बघतो, टेक्निशियन बुधवारी येतो म्हणून सांगतो आणि येतो पुढच्या सोमवारी. तोवर सात दिवसांची खिडकी बंद झालेली असते. त्यानंतर तुमची वस्तू वॉरंटीत दुरुस्तीला आलेली वस्तू ठरते, म्हणजे नव्या वस्तूचे पैसे मोजून दुरुस्त केलेली वस्तू पदरात.

क्रम उलटा ठेवा. आधी ॲपवर रिटर्नची विनंती टाका, तिचा नंबर घ्या आणि मगच टेक्निशियनला बोलवा. काही कंपन्या मोबाइल आणि मोठ्या उपकरणांसाठी टेक्निशियनचा दाखला मागतातच, त्याला इलाज नाही. तो आला की जॉबशीट, म्हणजे त्याच्या तपासणीची नोंद असलेला कागद, घेतल्याशिवाय त्याला सोडू नका. त्यावर तारीख, सीरियल नंबर आणि ‘पहिल्या वापरापासून बंद’ हे शब्द असले पाहिजेत. ‘कस्टमरची तक्रार ऐकली’ एवढ्याच शेऱ्यावर सही करू नका.

आणि लॅमिंग्टन रोडवरचा ओळखीचा कारागीर कितीही हुशार असला तरी नवी वस्तू त्याच्याकडे उघडायला देऊ नका. सील तुटलं की वॉरंटीवर बोट ठेवायला कंपनी मोकळी होते. पुढे ग्राहक आयोगात दोष ठरवण्यासाठी वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची वेळ आली, तर उघडून जोडलेल्या वस्तूबद्दल कोण काय सांगणार?

फोनवरच्या गोड बोलण्याला भुलणं

रिटर्न टाकल्यावर सेलरचा फोन येऊ शकतो. ‘मॅडम, रिटर्न कॅन्सल करा, मी उद्याच नवीन पीस पाठवतो.’ किंवा ‘दादा, जीपे नंबर द्या, डायरेक्ट पैसे टाकतो.’ रिटर्न रद्द केलंत की ॲपच्या दृष्टीने तक्रार संपली आणि उद्याचा तो पीस आलाच नाही तर दाद मागायला जागा उरत नाही. जे काही ठरेल ते ॲपच्या चॅटमध्येच लिहा म्हणावं. खरा माणूस लिहितो.

याहून वाईट म्हणजे गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. ते रिफंडसाठी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात, यूपीआय पिन मागतात. पैसे मिळवायला पिन लागत नाही, तो पैसे देताना लागतो. नंबर ॲपच्या मदत विभागातूनच घ्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, तिथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

पिकअपच्या दिवशी

मोबाइल किंवा टॅब्लेट परत जात असेल तर आधी आपलं खातं त्यातून काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. खातं अडकून राहिलेला फोन पिकअपवाला घेत नाही. वस्तू देताना तिचा, खोक्याचा आणि सीरियल नंबरचा फोटो काढा आणि पिकअप झाल्याचा मेसेज हाती येईपर्यंत माणसाला थांबवा. घरात कोणी नसताना ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा लागतो. कधीकधी घरात माणूस असतानाही लागतो. मग त्या दिवसाच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडून त्याच दिवशी तक्रार नोंदवा. दोन-तीन वेळा असं झालं की काही ॲप विनंती आपोआप बंद करतात.

ईएमआयवर घेतलं असेल तर रिफंड आला म्हणजे हप्ता थांबला असं धरून चालू नका. बँकेला कळवून ईएमआय रद्द झाल्याचं लेखी घ्या. एक्स्चेंजमध्ये दिलेला जुना फोन बहुधा परत मिळत नाही, त्याची ठरलेली किंमत मिळते.

‘रिटर्न विंडो क्लोज्ड’ वाचून गप्प बसणं

ॲपवरची मुदत ही त्या ऑनलाइन बाजारपेठेची, म्हणजे ज्या ॲपवरून वस्तू घेतली त्या कंपनीची, सोय आहे, कायदा तिथे संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत हेही येतं: बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं. म्हणून बिल उघडून वाचा. त्यावर सेलरचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर असतो. त्या नंबरचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७. तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची, हे तिथेच कळतं. बिलावरचा पत्ता अर्धवट असेल तर बाजारपेठेकडे लेखी मागणी करा, खरेदी केलेल्या ग्राहकाला सेलरचा तपशील देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

पुढची पायरी म्हणजे बाजारपेठेचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचं नाव आणि ईमेल ॲपवर किंवा वेबसाइटवर, बहुधा अगदी तळाशी, दिलेलं असतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं २०२० चेच नियम सांगतात. चॅटवरच्या दहा जणांशी दहादा तेच बोलण्यापेक्षा या एका ईमेलला जास्त वजन असतं.

तिथेही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. ती आदेश देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते, पण बरीच प्रकरणं तिथेच सुटतात. सल्ला हवा असेल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे, त्याहून जुनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाही आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. सेलर सुरतचा की दिल्लीचा, याने अडत नाही. आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते: दक्षिण मुंबई, मध्य मुंबई किंवा उपनगर. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. सेलर आणि बाजारपेठ दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा, वस्तू तयार करतानाच दोष राहिला असेल तर उत्पादक कंपनीलाही.

इथे लोक एक गंमत करतात. तीन हजारांच्या मिक्सरसाठी मानसिक त्रासाचे पाच लाख मागतात. मागायला कोणी अडवत नाही, पण आकड्याला आधार विचारला जातो. वस्तूची किंमत, त्यावरचं व्याज, प्रत्यक्ष झालेला खर्च आणि पटेल इतकी भरपाई मागा. नोटीस गेल्यावर समोरून तडजोडीचा फोन येण्याची शक्यता असते. रक्कम पटत असेल तर जरूर घ्या, फक्त ठरलेलं ईमेलवर मागवा आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मागे घ्या.