खिशातल्या बत्तीस बोअरसाठी काडतूस कसं निवडावं

आबांचं .३२ पिस्तूल वारसाहक्कानं माझ्या परवान्यावर चढलं, तेव्हा त्याच्याबरोबर चामडी पट्ट्यात खोचलेली बारा काडतुसंही आली. आम्ही विट्याकडचे, घरचा धंदा गलाईचा. सोनं गाळून रोकड किंवा माल घेऊन रात्रीचा प्रवास करणं आबांना चुकलं नाही. ती काडतुसं मी पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर नेली. दोन वाजली. तिसऱ्याला नुसतं ‘टिक्’. बारापैकी चार फुसकी निघाली. पट्ट्यातून काढताना पितळेवर हिरवट कळंक दिसला होता आणि मी तो धोतराच्या फडक्यानं पुसून टाकला होता. ज्या भरवशावर आबा वर्षानुवर्षं गाडीत झोपले, तो भरवसा असा होता. तेव्हापासून काडतुसाबद्दल कुणी विचारलं की मी आधी एकच सांगतो: छोट्या पिस्तुलात चांगलं काडतूस म्हणजे दर वेळी वाजणारं आणि दर वेळी पुढचं काडतूस नीट वर येऊ देणारं. बाकी गुण त्यानंतर.

हे सगळं परवानाधारकांसाठी आहे. परवाना नसताना एक जिवंत काडतूस जवळ सापडलं तरी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा होतो.

आधी नाव नीट वाचा

आपल्याकडे सगळे ‘बत्तीस बोअर’ म्हणून मोकळे होतात, पण .३२ ची मुख्यतः दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर, याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली पितळी नळी, साधारण १७ मिलिमीटर लांब. आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग; त्याची पुंगळी २३ मिलिमीटरच्या पुढे, बुडाची कड जास्त बाहेर आलेली. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, बसलं तरी नाही. दुकानात जाताना पिस्तुलाच्या नळीवर किंवा स्लाइडवर (नळीवरच्या सरकत्या भागावर) काय कोरलंय ते कागदावर लिहून न्या आणि डब्यावरच्या अक्षरांशी ताडून बघा. दुकानदारानं ‘तेच आहे ओ’ म्हटलं तरी ताडा.

.२२ चं छोटं हत्यार असेल तर एक गोष्ट माहीत हवी. त्यात पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, मधोमध वेगळी टोपी नसते. त्यामुळे मधल्या टोपीच्या काडतुसांपेक्षा .२२ दगा देण्याची शक्यता जास्त. निवड हातात असेल तर मी .३२ घेईन.

ताकद किती, हे मनाशी पक्कं करा

.३२ एसीपी हे बंदुकांचे रचनाकार ब्राउनिंग यांचं १८९९ चं काडतूस. नेहमीची गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, आणि वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. खिशातल्या आखूड नळीतून तो आणखी घटतो. पोलिसांकडच्या ९ मिलिमीटरशी तुलना केली तर ऊर्जा जेमतेम तिसरा हिस्सा. ९ मिलिमीटर प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही, म्हणून हे .३२ च आपलं. या आकड्यांवरूनच पुढची निवड ठरते.

जॅकेटवाली गोळी की खड्ड्याची?

इथे लोक सर्वांत जास्त अडकतात, कारण इंटरनेटवरची चर्चा बहुतेक अमेरिकेतली आणि मोठ्या बोअरची असते. हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला खड्डा असलेली गोळी. आत शिरल्यावर ती फुलावी आणि लवकर थांबावी, ही अपेक्षा. फुलायला वेग लागतो आणि .३२ कडे तोच कमी. जाड कपडा मध्ये आला तर खड्डा कापडानं बुजतो आणि गोळी साध्या गोळीसारखीच जाते. फुललीच तर पुरेशी खोल जात नाही. १९८६ च्या मियामीच्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेनं मांसासारख्या घट्ट जेलीच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच खोलीची कसोटी ठरवली; .३२ च्या फुलणाऱ्या गोळ्या पुष्कळदा त्या १२ इंचांच्या आतच अडतात. साधी, शिशावर पूर्ण तांब्याचं जॅकेट म्हणजे आवरण असलेली गोळी तेवढी जाते.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. .३२ एसीपीच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा किंचित रुंद असते. मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीत, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे सरकली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन जाम. हे नुसत्या हातानं चटकन सुटत नाही. खड्ड्याच्या गोळीचं काडतूस बहुधा लांबीला थोडं कमी असतं, त्याला मॅगझिनमध्ये मागेपुढे हलायला जागा मिळते आणि हा घोटाळा जास्त होतो. शिवाय आपली जुनी पिस्तुलं गोल टोकाच्या गोळीसाठीच घडवलेली आहेत.

म्हणून .३२ साठी माझं मत सरळ आहे: गोल टोकाची, पूर्ण जॅकेटची, ताज्या लॉटची गोळी घ्या. खडकीच्या कारखान्यातलं, बुडावर ‘केएफ’ खूण असलेलं काडतूस याच जातीचं आहे आणि ते आपल्याकडे मिळतंही.

तिचा तोटा लपवायचा नाही. अशी गोळी पलीकडे निघू शकते. पत्र्याचं शेड, प्लायचं दार तिला अडवत नाही. घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं, कोणत्या दिशेला शेजाऱ्याची भिंत आहे, हे दिवसाउजेडी एकदा फिरून बघून ठेवा.

टोकावर कानस मारून किंवा फुली कापून गोळी ‘जोरदार’ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आतलं शिसं निघून जाऊन जॅकेट नळीतच राहू शकतं, आणि पुढचा बार तुमच्याच हातात फुटतो.

दुकानात प्रत्येक काडतूस हातात घ्या

डब्यावर लॉट क्रमांक आणि साल बघा, शक्य तितकं नवं मागा. मग एकेक काडतूस उजेडात फिरवा. टोपी बुडाच्या पातळीत किंवा केसभर आत असावी. वर आलेली, तिरकी बसलेली नको. पुंगळीला चीर, पोचा, हिरवा किंवा काळा डाग नको. गोळी बोटांनी हलकेच वळवून बघा, ती पुंगळीत घट्ट असली पाहिजे. पन्नास काडतुसं बघायला दहा मिनिटं लागतात. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतात हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. खरेदीची नोंद तिथेच समोर करून घ्या.

रेंजवर तपासल्याशिवाय खिशात घालू नका

शेतात, माळावर, विहिरीत बार काढून बघायचं नाही. मान्य रेंजवरच जा. कोटा तुटपुंजा असतो हे खरं आहे. समजा वर्षाला पन्नास मिळतात, तर निम्मी तपासणीला खर्च झाली तरी ती वाया गेली असं मी धरत नाही. त्याच लॉटची, तुमच्याच मॅगझिनमधून, किमान पंचवीस काडतुसं न अडता गेली पाहिजेत. मॅगझिन दोन असतील तर दोन्ही तपासा. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना, ते अंगठ्यानं चाचपा.

‘टिक्’ झालं आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस आकडे मोजा. दारू कधी उशिरा पेटते. मग काडतूस बाहेर काढा. आवाज नेहमीसारखा न येता नुसता ‘फट्’ आला, तर लगेच थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि नळीत गोळी अडकली आहे का ते बघा. साताऱ्याकडच्या एका निवृत्त हवालदारांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “दुसरा बार काढायची घाई झाली की बोटं जात्यात.” माझी चार फुसकी निघाली त्या दिवशी तेच मागे उभे होते.

ठेवणं आणि बदलणं

चामड्यात काडतूस कायमचं ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातल्या रसायनांनी पितळ खातं. आबांची काडतुसं तशीच गेली. झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, त्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, आणि डबा कुलपात, पिस्तुलापासून वेगळा. आमच्या खानापूर-आटपाडीकडे हवा कोरडी, पण पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात डब्यातला पापडसुद्धा मऊ पडतो. तिकडच्यांनी पुडी दर महिन्याला बदलावी.

पिस्तुलाला तेल द्या, काडतुसाला नाही. पातळ तेल टोपीच्या कडेनं आत झिरपतं आणि मसाला निकामी करतं. खिशातल्या पिस्तुलाला चाप झाकणारं म्यान हवंच, आणि त्या खिशात दुसरं काही नको. सांगलीच्या हळदपेठेतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याचं मॅगझिन मी उघडलं तर स्प्रिंगपर्यंत पिवळं झालं होतं, वरचं काडतूस अर्ध्यातच थांबत होतं. अशा धुळीत वावरत असाल तर आठवड्याला मॅगझिन रिकामं करून कोरड्या कापडानं पुसा.

तेच काडतूस रोज नळीत चढवायचं आणि उतरवायचं असं करू नका. दर वेळी गोळीला ठोका बसून ती पुंगळीत आत सरकते आणि बार होताना दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून लांबी ताडा. बुटकं दिसलं तर बाजूला काढा.

कायद्याची बाजू

१ जुलै २०२४ पासून खाजगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. कलम ३७ प्रमाणे बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. लग्नावरातीत हवेत बार काढणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीत हत्यार जमा करायचा आदेश आला तर काडतुसंही मोजून द्या आणि पावतीवर पिस्तुलाच्या क्रमांकाबरोबर काडतुसांचा आकडा लिहून घ्या. परत मिळाल्यावर ती पुन्हा एकेक करून उजेडात फिरवा, कारण मधले दोन महिने ती कुठल्या कोपऱ्यात पडली होती हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

मी दर दिवाळीनंतर जुना लॉट रेंजवर वाजवून संपवतो आणि नवा भरतो. आबांची उरलेली चार मी परवान्याचा कागद दाखवून रीतसर जमा केली.