आधी ड्रिबल बंद करा
बास्केटबॉलमध्ये आठवी-नववीच्या पोरांच्या हातात बॉल आला की जो तो ड्रिबल करत, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत, एकटाच रिंगकडे पळतो. म्हणून अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन खेळवा, ड्रिबल पूर्ण बंद, आणि चार पास झाल्याशिवाय शॉट नाही. सुरुवातीला सगळे बॉलभोवती गोळा होतील. होऊ द्या, उगाच शिट्टी मारू नका. ‘बॉलवाल्यापासून तीन-चार मीटर लांब राहा’ एवढंच ओरडून सांगत राहा. पास दिल्यावर तिथेच उभं राहायचं नाही, लगेच रिंगकडे धावायचं. सगळ्यात जास्त वेळ या एका सवयीवर घालवा.

चेस्ट पास (दोन्ही हातांनी छातीपासून सरळ ढकललेला पास) देताना कोपरं फाकली की बॉलमध्ये जोर राहत नाही. बॉल सुटल्यावर अंगठे जमिनीकडे आणि तळवे बाहेर दिसले पाहिजेत. बाउन्स पासचा टप्पा साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, म्हणजे घेणाऱ्याच्या जवळ पडावा; मध्यावर पडला तर बॉल उंच आणि मंद जातो, बचाववाला सहज उचलतो. काळ्या मातीच्या भेगाळलेल्या मैदानावर मात्र बाउन्स पास शिकवूच नका, टप्पा कुठेही उडतो.

मुलींना ६ नंबरचा बॉल द्या, मुलांना ७. जळगाव-धुळ्याकडे मार्चनंतर सराव सकाळी आठच्या आत उरका.